गोव्यात फ्रेंच बिस्ट्रोचं इंटिरियर करायचं असेल तर

पहिली गोष्ट, आयफेल टॉवरचा फोटो भिंतीवर लावायचा नाही. 'बोंजूर' लिहिलेली निऑन पाटी नको, निळ्या-पांढऱ्या-लाल पताका नकोत, प्लास्टिकची लॅव्हेंडर तर नकोच नको. पॅरिसच्या गल्लीतल्या बिस्ट्रोत असलं काही नसतं, कारण तिथे रोज जेवायला येणाऱ्या माणसाला तो पॅरिसात आहे हे कुणी सांगायची गरज पडत नाही. आसगाव, शिवोली, पणजी, जिकडे बघावं तिकडे सध्या बिस्ट्रो निघतायत नि अर्ध्या ठिकाणी आत गेलं की शाळेच्या गॅदरिंगमधल्या 'फ्रान्स' देखाव्यात बसल्यासारखं वाटतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू.

बिस्ट्रो म्हणजे मुळात गरीब जागा हो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ भागातून, ऑव्हर्न्यातून, लोक पोटासाठी पॅरिसला आले, पाणी नि कोळसा पाठीवर घेऊन लोकांच्या घरी पोचवायचे, मग त्यातल्या काहींनी कोळशाचं दुकान नि त्यालाच लागून वाइनचा काउंटर असं टाकलं, आत चुलीवर काहीतरी शिजत असायचं, कामगार उभ्याउभ्या एक ग्लास मारून जायचे. आपल्याकडचं जुनं तावेर्न आठवा, एक काउंटर, दोन बाकडी, मागे बाटल्या नि मालक सगळ्यांना नावाने ओळखणारा, तीच जात. त्यामुळे बिस्ट्रोत जे जे दिसतं ते सजावट म्हणून आलेलं नाही, काहीतरी काम होतं म्हणून आलंय. डिझाइन करताना प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारायचे: तू तिकडे काय काम करत होतीस, नि इकडे चार महिने पाऊस नि बाराही महिने खारी हवा असताना टिकशील का? दोन्हीचं उत्तर नीट आलं तर घ्या नाहीतर सोडा.

जागा. अरुंद नि लांब खोली मिळाली तर नाक मुरडू नका, बिस्ट्रोला तीच शोभते. पन्नासच्या आत माणसं बसतील एवढीच ठेवा. दोन हजार स्क्वेअर फुटांचा हॉल हातात असेल तर तुम्ही बिस्ट्रो नाही ब्रासरी करताय, ती वेगळी गोष्ट, मोठी, झगमगीत, बिअरवाली, आल्सासकडच्या लोकांनी पॅरिसात आणलेली, लिप ही त्यातली नावाजलेली 1880 ची. मोठ्या हॉलला बिस्ट्रो करायचा हट्टच असेल तर अर्ध्या उंचीची लाकडी पार्टिशनं टाकून, वर काच बसवून, त्याच्या दोन-तीन खोल्या करा. जुनं पोर्तुगीजकालीन घर भाड्याने मिळालं असेल तर मग भाग्यच, जाड चिऱ्याच्या भिंती, उंच छप्पर, समोर बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा व्हरांडा, फक्त भिंती पाडून 'ओपन प्लॅन' करायला जाऊ नका. नि पणजीच्या फोंतेन्यासमध्ये घेतलं असेल तर ते संवर्धन क्षेत्र आहे, बाहेरच्या भिंतीला हात लावायच्या आधी परवानगीचं बघा, पाटीची साइझ आणि रंगसुद्धा त्यात धरून चला.

आखणी काउंटरपासून सुरू करायची, टेबलांपासून नाही. काउंटर दाराजवळ, आत शिरताना पहिला दिसणारा, नि तिथे उभ्या माणसाला दार, गल्ला आणि किचनची खिडकी तिन्ही मान न वळवता दिसली पाहिजेत. उंची 42 इंच, खाली जमिनीपासून साधारण 8 इंचावर पितळेची पायदांडी, कारण उभा राहून पिणाऱ्याला एक पाय वर टेकवायला लागतो, ती नसेल तर लोक काउंटरपाशी थांबत नाहीत, सरळ टेबलाकडे जातात, मग काउंटर नुसता शोपीस. वर पत्रा जस्ताचा. पॅरिसचे लोक काउंटरला 'झिंक' असंच म्हणतात, गंमत म्हणजे त्यातले बरेचसे प्रत्यक्षात कथलाच्या मिश्रधातूचे असतात. जस्त मऊ असतं, कडा हातोडीने वळवता येतात, नि पुसायला सोपं, एवढ्यासाठीच ते आलं.

पण जस्तावर लिंबू, व्हिनेगर, कोकम सांडलं की डाग पडतो आणि तो जात नाही. फ्रान्समध्ये त्या डागांचंच कौतुक, काउंटर जितका काळवंडलेला तितका खानदानी. तुमच्या पार्टनरला ते चालणार आहे का हे आधी विचारून घ्या, कारण पहिल्या आठवड्यातच तो 'पॉलिशवाल्याला बोलवा' म्हणणार. त्याला चकचकीतच पाहिजे असेल तर मॅट फिनिशचं 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील लावा नि कडेला पितळेची पट्टी, ते प्रामाणिक दिसतं. जस्ताचा प्रिंट असलेला लॅमिनेट मात्र लावू नका, कोपरा उचकटला की सगळी अब्रू जाते. नि जस्त 420 डिग्रीच्या आसपासच वितळतं, म्हणून गरम तवा किंवा बिडाची कढई थेट त्यावर ठेवायची सवय किचनवाल्यांना लागू देऊ नका.

आता बसायचं. भिंतीच्या कडेने सलग बाकडं, ज्याला इथले सुतार सोफा-सीटिंग म्हणतात, हा बिस्ट्रोचा कणा. सुट्या खुर्च्यांना मागे सरकायला जागा लागते, बाकड्याला लागत नाही, म्हणजे तेवढ्याच जागेत एक रांग जास्त बसते, शिवाय दोघांची टेबलं जोडून सहाचं टेबल एका मिनिटात होतं. बैठक फोम दबल्यावर 18 इंच भरली पाहिजे, हे 'दबल्यावर' सुताराला तीनदा सांगा, नाहीतर माणूस बसल्यावर टेबल हनुवटीला येतं. बैठकीची पुढून मागे खोली 18 ते 20 इंच, पाठ जवळजवळ सरळ, किंचित कललेली. इथे लोकांनी लोळणं अपेक्षित नाहीये, जेवणं अपेक्षित आहे. कव्हर गडद लाल किंवा बाटलीसारखं हिरवं, नि खरं लेदर अजिबात घेऊ नका, बुरशी येते, ऑगस्टमध्ये बाकडं पांढरं दिसायला लागतं. तसंही पॅरिसात ते मोलस्किनचं असायचं, म्हणजे कोटिंग केलेलं सुती कापड, गरिबाचं लेदर, त्यामुळे आपलं चांगल्या प्रतीचं रेक्झिन लावलंत तर ती काटकसर नाही, परंपराच आहे. फोम 40 डेन्सिटीच्या खालचा नको, सांगाडा आयएस 710 मार्कवाल्या मरीन प्लायचा, नि बैठकीखाली बंद खोकं न करता पुढून जाळी किंवा भोकं ठेवा, हवा खेळली नाही तर आत वाळवी नि झुरळं दोघंही सुखाने संसार करतात.

टेबलं लहान. दोघांना 24 बाय 24 इंच, फार तर 24 बाय 28, उंची 30. लोक म्हणतात एवढ्यात ताटं कशी मावणार, तर मावतात, फ्रेंच जेवण एकामागून एक येतं, आपल्यासारखं सगळं एकदम वाढत नाहीत. मात्र तुम्ही मेनूत शेअरिंग प्लेट्स घालणार असाल तर मोठंच करा, नाहीतर वेटर पहिल्या दिवसापासून शिव्या घालेल. दोन टेबलांत 10-12 इंच ठेवा, शेजारच्याचं बोलणं थोडं ऐकू आलंच पाहिजे, मुख्य वाट मात्र तीन फुटांपेक्षा कमी नको.

टेबलाचा वरचा दगड संगमरवर, पाया बिडाचा. 20 मिमी जाडीचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा एकटाच 20 किलोच्या आसपास भरतो, म्हणून खाली हलका पायपाचा स्टँड लावला की टेबल डुगडुगतं. इंटरनेटवरून महाग पाय मागवण्यापेक्षा बेळगाव-कोल्हापूरला फाउंड्र्या भरपूर आहेत, पॅटर्न दिलात नि वीस-पंचवीसची ऑर्डर दिलीत तर ओतून मिळतात, तिथून गोवा म्हणजे एका टेम्पोचं काम. मकराण्याचा दगड घ्या पण मिरर पॉलिश नको, हातसफाईचा मॅट घ्या, कारण संगमरवरावर लिंबू पडलं की चमक जातेच, मॅटवर ते कळत नाही. सीलर मारा, आणि सोलकढी मेनूत ठेवणार असाल तर मग गुलाबी गोल डाग येणार हे धरूनच चला. रोजच्याला त्यावर पांढरा कागद अंथरला की काम भागतं, पॅरिसच्या बुइयों शार्तिएमध्ये, 1896 ची जागा, वेटर आजही बिल त्या कागदावरच लिहून बेरीज करतो. चौकड्याचं लाल-पांढरं कापड एखाद्या कोपऱ्यात ठीक, सगळीकडे टाकलं तर पिझ्झाचं दुकान होतं.

खुर्च्यांवर थोडा वेळ घालवा. ती वाफेने वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, जी इराण्याच्या हॉटेलात आपण सगळ्यांनी पाहिलीय, ती फ्रेंच नाहीच, मिखाएल थोनेट नावाच्या माणसाने व्हिएन्नात काढली, 14 नंबरचं मॉडेल, 1859 साली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस. भाग सुटे केलेल्या 36 खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात बसायच्या, म्हणून ती जगभर पोचली आणि स्वस्त म्हणून बिस्ट्रोवाल्यांनी उचलली. विकत घेताना एकच गोष्ट तपासा, मागचे दोन पाय नि पाठीची कमान हा एकच अखंड वाकवलेला दांडा आहे की वरती जोड मारलाय. जोड असेल तर पाठीला रेलून बसणारं गिऱ्हाईक दोन सीझनमध्ये ती मोडणार म्हणजे मोडणारच. जुनी अस्सल पाहिजे तर मुंबईत चोर बाजार नाहीतर जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट, गोव्यातही जुन्या फर्निचरवाल्यांकडे अधूनमधून निघते. बैठक वेताच्या जाळीची सुंदर दिसते पण पावसात सैल पडते, बुरशी धरते, मी प्लायची भोकंवाली बैठक सुचवतो, ती पण तितकीच जुनी पद्धत. सगळ्या खुर्च्या एकसारख्या असायलाच पाहिजेत असंही नाही, उंची तेवढी सारखी बघा.

लोखंडी पत्र्याची ती टोलिक्सची खुर्ची, झाव्हिए पोशारची 1934 ची, ती बाहेरच्यासाठी. तिच्या बैठकीतली भोकं पावसाचं पाणी निथळायला आहेत. मूळ खुर्चीला जस्ताचा थर असतो म्हणून ती गंजत नाही, आपल्या बाजारातली कॉपी नुसती पावडर कोटिंगची असते, एक टवका उडाला की कळंगुटच्या हवेत तिथून गंज धावत सुटतो. हॉट डिप गॅल्वनाइझ करून वर रंग, असं लिहून घ्या कोटेशनमध्ये.

बाहेरचा विषय निघालाच आहे तर, पॅरिसात बाहेरच्या खुर्च्या समोरासमोर नसतात, दोघं शेजारी शेजारी, तोंड रस्त्याकडे. येणारे-जाणारे बघायचे हाच कार्यक्रम. आता सांगा, बाल्कांवच्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, बसून आपली माणसं पिढ्यानपिढ्या दुसरं काय करत आलीत? म्हणून बाल्कांव असेल तर त्याला काच लावून एसी करू नका प्लीज, सोपे तसेच ठेवा, वर पातळ गादी, मधे दोन छोटी गोल टेबलं, संध्याकाळी सगळ्यात आधी भरणारी जागा तीच असेल.

फरशी. सिमेंटच्या रंगीत नक्षीच्या टाइल्स, आठ बाय आठ इंचाच्या, फ्रान्समध्येही तशाच नि गोव्यातल्या जुन्या घरांतही तशाच. घर जुनं असेल तर आधी व्हिट्रिफाइडचा एक कोपरा उचकटून खाली काय आहे ते बघा, बऱ्याचदा खजिना निघतो. नवीन हव्या असतील तर मुंबईची भारत फ्लोअरिंग 1922 पासून ह्याच करते, नाहीतर तमिळनाडूतल्या आत्तंगुडीच्या, काचेवर हाताने रंग ओतून केलेल्या. ह्या टाइल्स भाजलेल्या नसतात त्यामुळे पाणी पितात, सांधे भरायच्या आधी एकदा सीलर मारायचा आणि नंतर एकदा, नि सफाईवाल्याला ॲसिडची बाटली हातात घेऊ द्यायची नाही, रंग उडतो तो परत येत नाही. नक्षी एकच निवडा, ती वाटेत किंवा काउंटरपुढे, बाकी साधा रंग. दाराशी काथ्याचं मोठं पायपुसणं खड्डा करून फरशीच्या लेव्हलला बसवा, जुलैत ओल्या चपलांनी पहिली तीन पावलं तिथेच पडली पाहिजेत.

भिंती: खाली साधारण साडेतीन-चार फूट लाकडी पॅनेलिंग, गडद तपकिरी किंवा गडद हिरवं रंगवलेलं, वर फिक्कट पिवळसर क्रीम. तो पिवळसरपणा खरंतर शंभर वर्षांच्या सिगारेटच्या धुराचा आहे, आपण तो डब्यातून आणायचा. शुद्ध पांढरा मारलात तर क्लिनिक. चिऱ्याच्या जुन्या भिंतीला प्लास्टिक पेंट नको, ओल आतच कोंडते नि पापुद्रे सुटतात, चुन्यात पिवडी मिसळून मारा, भिंत श्वास घेते नि छटा आपोआप वरखाली येते जी विकत घेऊन मिळत नाही. पॅनेलिंग भिंतीला चिकटवून ठोकू नका, मागे रीपर, म्हणजे लाकडी पट्ट्या, टाकून इंचभर हवा, खाली जमिनीपासून इंचभर वर, आणि वाळवीचं औषध आधीच.

पॅनेलिंगच्या वर आरसे, आणि इथे हात आखडू नका. लांबट काळोख्या खोलीत एकाच बाजूने उजेड येतो, तो मागेपर्यंत न्यायला आरसे आले. दुसरं म्हणजे ज्याचं तोंड भिंतीकडे त्यालाही सगळी खोली दिसते, तो शिक्षा झाल्यासारखा बसत नाही. आरशाची खालची कड बाकड्याच्या पाठीच्या लगेच वर, जास्त उंच लावला तर फक्त पंखे दिसतात. वरची कड थोडी पुढे कलवा. समोर काय येतंय ते लावायच्या आधी बघा, टॉयलेटचं दार किंवा भांडी घासायची जागा आरशात आली तर सगळं मुसळ केरात. समुद्राजवळ आरशाच्या कडा काळ्या पडतात, जुन्या बिस्ट्रोत ते छान दिसतं, तुमच्याकडे सहा महिन्यांत झालं तर छान नाही, म्हणून कॉपर-फ्री आरसा, कडा सीलंटने बंद नि मागे हवेला फट.

किचनच्या किंवा बारच्या मागच्या भिंतीला कडा उतरत्या असलेल्या लांबट पांढऱ्या टाइल्स, पॅरिस मेट्रोतल्या. मेट्रो 1900 साली सुरू झाली तेव्हा विजेचा उजेड मंद, तो परतवायला ह्या टाइल्स. सगळ्या खोलीभर नका लावू.

लाइट 2700 केल्विन, म्हणजे पिवळसर, दुधी काचेचे गोळे, डिमर हवाच, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या वर असलेले बल्ब, नाहीतर मासे निळसर नि माणसं आजारी दिसतात. आता एक गोष्ट फ्रेंच पुस्तकांत मिळणार नाही ती म्हणजे पंखा. पॅरिसात नाही लागत, इथे पंख्याशिवाय मे महिना निघणार नाही. लाइट पंख्याच्या पात्यांच्या वर आला की सगळ्या खोलीत लपकझपक सावल्या फिरतात, डोकं उठतं. म्हणून गोळे पात्यांपेक्षा खाली नाहीतर पात्यांच्या घेराबाहेर, हे इलेक्ट्रिशियनला पॉइंट काढायच्या आधी, सीलिंगवर खडूने वर्तुळं आखून दाखवा.

खिडकीला अर्धा पडदा, पितळेच्या दांडीवर, पांढरा सुती, दांडी जमिनीपासून साडेचार फुटांच्या आसपास. रस्त्यावरून जाणाऱ्याला ताट दिसत नाही, आत बसलेल्याला झाडं नि आभाळ दिसतं. पितळ जेवढं आहे, दांड्या, हुक, पायदांडी, त्याला लॅकर मारायचा का नाही ठरवा, मी म्हणेन मारू नका, आठवड्याला पितांबरी किंवा चिंच, बास. टोप्या-कोट अडकवायचे ते हुक इथे छत्री-रेनकोटसाठी लावा, खाली पाणी झिरपायला पत्र्याचा ट्रे.

मेनू काळ्या फळ्यावर खडूने. ही पण स्टाइल नाहीये, बाजारात जे मिळालं ते शिजवायचं म्हणून रोज पुसून लिहायला लागायचं. गोव्यात तर ह्याचा अर्थ जास्तच लागतो, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, तेव्हा फळ्यावर सुरमई कायम रंगवून ठेवलीत तर लोक विचारणारच कुठली म्हणून. रंगाने लिहिलेला 'आजचा स्पेशल' हा सगळ्यात मोठा खोटेपणा. एक फळा भिंतीवर नि एक छोटा, वेटर उचलून टेबलाशी आणेल असा.

दगड, काच, टाइल, सगळं कडक, त्यामुळे आवाज घुमणार. थोडी गजबज पाहिजेच, पण चाळीस माणसांत घसा बसायला लागला तर छपराच्या वाशांमधे साउंड-पॅनल घाला, काही टेबलांच्या खालच्या बाजूला फेल्ट चिकटवा, दिसत नाही नि फरक पडतो.

पैसे कमी असतील तर काउंटर, बाकडं आणि लाइट ह्यावर घाला, पोस्टर-बिस्टर शेवटी, किंवा नाहीच.

आणि वेळापत्रक. फ्रेंच पॉलिश, म्हणजे चपड्याचं (लाखेचं), किंवा मेलामाइन, पावसात मारलंत की हवेतल्या दमटपणाने पांढरं धुरकट होतं, मग सगळं घासून परत. त्यामुळे फरशी, प्लंबिंग, वायरिंग मेपर्यंत, बाकड्यांचा नि पॅनेलिंगचा सांगाडा पावसात आत बसून, नि पॉलिश दसऱ्यानंतर कोरड्या हवेत. मधे चवथ, म्हणजे गणपती, येते, मेस्त, म्हणजे सुतार, सुट्टीवर गेला की त्याच्या फोनची रिंग नुसती वाजत राहते, तेव्हा सुतारकामाचं शेवटचं पेमेंट चवथीच्या आधी देऊ नका, मेस्त कितीही गोड बोलला तरी.